छोट्या गावांचे थांबे: इगतपुरी, मनमाड, निफाड, लासलगाव, मालेगाव, सुरगाणा

गोदाकाठ (धागाकर्ता)

घोटी, पाडळी, अस्वली, लहवित, देवळाली, नाशिकरोड, ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड, उगाव, लासलगाव, समिट, मनमाड. पुढे पानेवाडी, हिसवहळ, पांझण, नांदगाव, पिंपरखेड, नायडोंगरी. इगतपुरी सोडली की मुख्य मार्गावर आपल्या नाशिक जिल्ह्यात एवढी स्टेशनं लागतात. यादी मुद्दाम पूर्ण दिली. रुळांवर दिवसरात्र गाड्यांची रीघ असते, पण यातल्या बहुतेक फलाटांवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच गाड्या थांबतात.

बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय मांडतो. लहान गावांच्या दळणवळणाची चर्चा निघाली की गाडी लगेच वेगावर येते. वंदे भारत, समृद्धी, नाशिक-पुणे सेमी हायस्पीड. यातलं जे झालं त्याचं कौतुक आहेच. पण गावाला बाजारपेठ मिळते, पोरांना कॉलेज मिळतं, दवाखाना वेळेत गाठता येतो, तो गाडी थांबते म्हणून. आणि जिल्ह्यात गाड्या कुठे थांबल्या हे पाहायला गेलं तर एक गोष्ट लख्ख दिसते. मोठे थांबे प्रवाशांसाठी दिलेच गेले नव्हते. रेल्वेला तिथे स्वतःचं काहीतरी काम होतं.

इगतपुरी घ्या. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातला मार्ग १८६५ मध्ये सुरू झाला. चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. गाडी एकट्या इंजिनाने चढत नाही, म्हणून कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लावायची आणि इगतपुरीला काढायची. १९३० च्या सुमारास मुंबईकडून डीसी (एकदिश प्रवाहाची) वीज इगतपुरीपर्यंत आली. नंतर भुसावळच्या बाजूने एसी (उलटसुलट प्रवाहाची) वीज आली आणि दोन विजांची हद्द नेमकी इगतपुरीत पडली. त्यामुळे इंजिन बदलणंही तिथेच. मनमाडला १८७८ मध्ये दौंडचा फाटा जोडला गेला, मग विसाव्या शतकाच्या तोंडावर निजामाच्या मुलखातून मीटरगेज (कमी रुंदीच्या रुळांची रेल्वे) आली. कोळसा, पाणी, गेजबदल, सगळ्यासाठी मनमाडला थांबणं भागच होतं. त्या थांब्यावर हमाल, चहावाले, धर्मशाळा, रेल्वेच्या चाळी, शाळा, अख्खं शहर उभं राहिलं.

ती कारणं एकेक करून संपत चालली आहेत. दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं आली, पुढे घाटातही एसी झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-शिर्डी वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते. आता लहान गावातला थांबा टिकवायचा तर तो माणसांच्या गरजेवर मागावा लागणार, आणि तो कसा मागायचा हे आपण कधी शिकलोच नाही, कारण आजवर तसा मागावा लागलाच नव्हता.

तुमच्या गावात रेल्वे किंवा रस्त्यावरची गाडी कशामुळे थांबायची? ते कारण गेल्यावर काय झालं? ऐकीव माहितीपेक्षा स्वतः पाहिलेलं लिहिलंत तर धागा उपयोगाचा होईल.

---

घाटवाट

इगतपुरीचाच आहे, म्हणून पहिला प्रतिसाद माझा.

बाहेरच्यांना वाटतं गाडी चढून आली की इथे दम खाते. खरं तर काम दोन्ही दिशांना असतं. मुंबईहून आलेल्या गाडीचे बँकर काढायचे. मुंबईकडे उतरणाऱ्या गाडीची ब्रेक तपासणी करायची, शेवटच्या डब्यापर्यंत हवेचा दाब नीट पोचतोय ना ते बघायचं. उतारावर ब्रेकची हयगय चालत नाही. कुठली गाडी किती वेळ थांबणार हे फलाटावरच्या वडेवाल्यांना वेळापत्रकापेक्षा पक्कं ठाऊक. मागच्या बाजूने कपलिंग सुटल्याचा आवाज आला की अजून कितव्या डब्यापर्यंत जाऊन परत येता येईल, याचा हिशोब त्यांच्या पायांत बसलेला असायचा. टोपलीत वर ओला फडका, खाली वडे, बाजूला तळलेल्या मिरच्यांचा कागद, आणि सुटे पैसे डाव्या हाताच्या बोटांत धरलेले. कारण गाडी हलल्यावर सुटे शोधायला वेळ नाही.

आमच्या ओळखीतल्या एका घरात तीन पिढ्या याच धंद्यात होत्या. चौथीतला पोरगा आता घोटीच्या टोलनाक्याच्या पुढे एका हॉटेलात कामाला आहे. गाड्या थांबतात अजून, पण कमी वेळ. एसी डब्यांची दारं खिडक्या बंद. खिडकीतून हात बाहेर आल्याशिवाय वडा विकला जात नाही.

---

मनमाड_जंक्शन

गोदाकाठ, चांगला धागा. मनमाडबद्दल थोडी भर.

मीटरगेज असताना मराठवाड्याकडून आलेला माल मनमाडला उतरायचा आणि ब्रॉडगेजच्या वॅगनमध्ये चढायचा. कापूस, ज्वारी, भुसार, सगळं पाठीवरून. शेकडो घरांची चूल त्या चढउतारावर पेटायची. माझे आजोबा त्यातच होते. नव्वदीच्या सुरुवातीला औरंगाबादपर्यंत ब्रॉडगेज झाली तेव्हा स्टेशनवर पेढे वाटले गेले, आणि ते बरोबरच होतं, कारण मराठवाड्याला थेट मुंबईची गाडी मिळाली. पण त्या दिवशी मनमाडचं एक अख्खं काम बुडालं, हे त्या पेढ्यांच्या गडबडीत कुणी बोललं नाही. आजोबा बोलले नाहीत, ते फक्त दुसऱ्या दिवसापासून धान्याच्या गोदामाकडे जायला लागले.

मनमाड टिकलं ते त्या गोदामांमुळे. एफसीआयचा (भारतीय अन्न महामंडळाचा) इथला धान्य डेपो आशियातल्या मोठ्या डेपोंत धरला जातो. पानेवाडीला पेट्रोल-डिझेलचे साठे आहेत. १९०६ चं इंजिनिअरिंग वर्कशॉप आहे, पुलांचे गर्डर तिथे बनतात. म्हणजे एक काम गेलं तरी दुसरी होती. इगतपुरीला तसं दुसरं काही नव्हतं, हा फरक मला मोठा वाटतो.

रस्त्याचंही सांगतो. पुणे-इंदूर रस्ता आमच्या शहराच्या पोटातून जातो आणि रुळांवरचा पूल हा दोन भागांना जोडणारा मुख्य दुवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या पुलाचा काही भाग ढासळला. अवजड वाहनं दुसरीकडून वळवली, आणि इथली माणसं आपल्याच गावात पलीकडे जायला वळसे घालत फिरली. इतक्या रेल्वेमार्गांचं जंक्शन, पण रूळ ओलांडायला भरवशाचा पूल नाही.

---

अश्विनी_वणी

वाचतेय. नाशिकरोडच्या ट्रामबद्दल कुणी लिहील का? घरी मोठ्यांकडून ऐकलंय फक्त.

---

जुनं_नाशिक

@अश्विनी_वणी, लिहितो.

रेल्वे आली ती नाशिक शहरात आलीच नाही, आठ-नऊ किलोमीटर लांबून गेली. यात्रेकरू स्टेशनवर उतरून टांग्याने गोदावरीवर यायचे. त्यावर उपाय म्हणून १८८९ मध्ये ट्राम आली, घोड्यांनी ओढायची. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत. कार्यालय गंजमाळला होतं. पुढे बार्शी लाइट रेल्वेमुळे नाव कमावलेले एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे तिचे सल्लागार अभियंता. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तोट्यामुळे ती बंद पडली.

आज त्याच पट्ट्यात, द्वारका ते नाशिकरोड, शहरातली सगळ्यात तुंबलेली वाहतूक आहे. स्टेशन शहरात नसलं की स्टेशनपर्यंतचा प्रवास हा एक वेगळा प्रवास होऊन बसतो, हे नाशिककराला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. लहान गावांचं तर याहून अवघड. कसबे सुकेण्याला गाडीतून उतरलेला माणूस पुढे मौजे सुकेण्याला, पिंपळगावला कसा जातो, ते रेल्वेच्या कुठल्याच कागदावर नसतं.

---

हिरवी_झेंडी

मी रेल्वेत गार्ड होतो. आता ट्रेन मॅनेजर म्हणतात. भुसावळ विभागात बरीच वर्षं काढली. धाग्यातल्या भावनेशी सहमत आहे, पण दुसरी बाजूही नोंदवायला हवी.

दोन मिनिटांचा थांबा दोन मिनिटांत होत नाही. २२-२४ डब्यांची गाडी पूर्ण वेगातून उभी करायची आणि परत त्या वेगाला न्यायची म्हटलं की पाच-सहा मिनिटं सहज जातात. तेवढ्यात मागची गाडी सिग्नलला येऊन ठेपते. तिच्यामागे मालगाडी. इगतपुरी-मनमाड पट्ट्यात आधीच गाड्या एकमेकींच्या पाठीला लागलेल्या असतात. एका एक्सप्रेसला उगावला थांबा दिला तर तिच्यामागची कांद्याची मालगाडी खेरवाडीच्या लूपवर (बाजूच्या रुळावर) उभी राहणार. गावाला गाडी मिळाली म्हणून त्याच गावाचा कांदा उशिरा पोचला, असंही होतं.

म्हणून माझं म्हणणं असं की एक्सप्रेसच्या थांब्यांच्या मागे लागू नका. मेमू मागा, म्हणजे वेगळं इंजिन नसलेली, विजेवर चालणारी लोकलसारखी गाडी. मेमूला मोटरी ठरावीक अंतरावरच्या डब्यांमध्येच असतात, त्यामुळे ती झटकन वेग घेते आणि झटकन उभी राहते. दर स्टेशनला थांबूनही तिचा एकूण वेळ जुन्या इंजिनवाल्या पॅसेंजरपेक्षा कमी लागतो. पूर्वीची देवळाली-भुसावळ शटल गेली आणि जानेवारी २०२२ पासून इगतपुरी-भुसावळ मेमू आली. तेवढ्यावर का थांबायचं? सकाळी, दुपारी, संध्याकाळी एकेक अशा तीन फेऱ्या मागा. ती मागणी रेल्वेला नाकारायला जड जाईल. मार्ग वाढतोही आहे. जळगाव-मनमाड चौथ्या मार्गिकेला नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली, १६० किलोमीटरची. त्या बाजूला जागा झाली की नव्या गाडीचं बोलायला वाव आहे.

---

घाटवाट

झेंडीकाका, पटलं. पण मेमूच्या वेळा कोण ठरवणार? आमच्याकडे गाडी आहे, पण ज्या वेळी माणसं स्टेशनवर असतात त्या वेळी ती नाही.

---

निफाडची_पासवाली

हेच लिहायला आले होते.

मी निफाडहून नाशिकरोडला नोकरीसाठी जाते. सकाळी पंचवटी एक्सप्रेस हा आमचा आधार. १९७५ पासून ही गाडी चालू आहे आणि लासलगाव, निफाडला थांबते. डब्यात जागेवरून भांडण नाही, कुणी आजारी पडलं तर डब्यातलीच माणसं धावतात. पासधारकांनी मिळून त्या गाडीत एक आदर्श बोगी चालवून दाखवली, शिस्त, स्वच्छता सगळं स्वतःहून. हे थांब्यामुळे झालं. रोज तीच माणसं त्याच फलाटावर भेटतात म्हणून झालं.

आता परतीचं. ऑफिस सुटल्यावर जी गाडी मिळते ती चुकली की पुढचं सगळं बेभरवशाचं. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून माझ्या ओळखीच्या निम्म्या बायका एसटीकडे वळल्या. पैशांचं कारण आहेच. पण मोठं कारण हे की एसटी गावात चौकात सोडते. स्टेशनवर उतरलं की गावापर्यंतच्या रस्त्याला धड दिवे नाहीत, अंधार पडल्यावर रिक्षा नाही. थांबा मागताना आपण फलाटापुरता विचार करतो. बाई फलाटावर राहत नाही हो, तिला पुढे घरी जायचं असतं.

तिकिटाचंही सांगते. कोविडनंतर पॅसेंजर गाड्यांना एक्सप्रेसचं भाडं लावलं होतं. कमीत कमी ३० रुपये. जवळच्या स्टेशनला जायला ३० रुपये कोण देणार? फेब्रुवारी २०२४ मध्ये ते परत १० वर आणलं. पण मधल्या चार वर्षांत ज्यांनी मोटारसायकल घेतली, तिचे हप्ते सुरू केले, ते परत रेल्वेकडे आले नाहीत.

---

कांदाचाळ

ताई, अगदी बरोबर. मी लासलगाव भागातला शेतकरी. माणसांच्या थांब्याचं सगळे लिहितायत, मी मालाच्या थांब्याचं लिहितो.

लासलगावची बाजार समिती १९४७ ची. कांद्याची आशियातली सगळ्यात मोठी बाजारपेठ म्हणून नाव. रेल्वे दाराशी. तरी आमचा बराच कांदा ट्रकने जातो. का, तर रेल्वेची मालगाडी लागते ती अख्खी लागते. आमच्याकडे म्हणतात "रेक लागला". ४२ वॅगनचा एक रेक. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारी साठ्यातला कांदा लासलगावहून दिल्लीला गेला तो असाच, १६०० टन एका गाडीत. एवढा माल एका वेळी सरकार भरू शकतं, मोठा व्यापारी भरू शकतो. शेतकरी गट कुठून आणणार? रेक उभा राहिला की घड्याळ सुरू होतं. ठरल्या वेळेत भरला नाही तर दंड. रात्री दोनला रेक लागला तर रात्री दोनला हमाल गोळा करायचे.

त्यात कांदा हा नाजूक माल. बंद वॅगन उन्हात दोन दिवस उभी राहिली की आतला कांदा घामेजतो. गोणी उघडली की आधी वास येतो, मग मधल्या थरातला कांदा बोटाने दाबून बघायचा, तो आत जातो. वरचा-खालचा चांगला असतो, मधलाच गेलेला. उन्हाळ कांदा पाच-पाच महिने चाळीत जपायचा आणि वाटेत नासवायचा, याचं दुःख शेतकऱ्यालाच माहीत.

म्हणून किसान रेलचं महत्त्व. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला देशातली पहिली किसान रेल निघाली. १५१९ किलोमीटर, ३२ तासांच्या आत. वाटेत नाशिकरोड, मनमाड, जळगाव, भुसावळ असे थांबे. पाच पेट्या द्या, पन्नास द्या, घेतल्या जात होत्या. भाड्यात निम्मं अनुदान होतं. आमच्या ओळखीच्या पोरांनी डाळिंब, ढोबळी मिरची, शेवगा पाठवला, बिहारात स्वतः गिऱ्हाईक जोडलं. अनुदान थांबलं आणि गाड्याही आटल्या. जोडलेलं गिऱ्हाईक तुटलं.

अनुदान कायम द्या असं माझं म्हणणं नाही. दोन-चार पार्सल डबे रोज ठरलेल्या वेळी लासलगाव, निफाड, नाशिकरोडहून सुटले पाहिजेत, एवढंच. रोज सुटतात म्हटल्यावर शेतकरी त्या वेळेला धरून तोडणी करतो. कधी आहे कधी नाही अशा गाडीवर कुणी पीक लावत नाही.

---

गिरणाकाठ

मालेगावहून. आमच्याकडे तर स्टेशनच नाही. लाखोंचं शहर, रात्रंदिवस यंत्रमाग चालतात, आणि रेल्वे धरायला मनमाड गाठायचं. कच्चं कापड ट्रकने भिवंडीला, राजस्थानात पाली-बालोतऱ्याला रंगाई-छपाईला जातं. सूतही ट्रकनेच येतं. डिझेल वाढलं की माग चालवणाऱ्याच्या मजुरीवर येतं, कारण बाकी कुठे कापायला जागाच नसते.

मनमाड-इंदूर मार्गाची मागणी आमच्या आजोबांच्या वेळची. २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी, ३० नवी स्टेशनं. मालेगाव, धुळे, पुढे सेंधवा. त्या रात्री इथे फटाके वाजले. मी तेव्हाही म्हणत होतो आणि आताही म्हणतो, स्टेशन कुठे होतंय ते बघा. नाशिकरोडचं उदाहरण वर आलंच आहे. रूळ शहरापासून लांबून गेले तर शंभर वर्षं रिक्षाचे पैसे भरावे लागतील. मालधक्का कुठे, यंत्रमाग वस्तीतून तिथे ट्रक जायला रस्ता कोणता, हे आत्ता ठरतं. एकदा जमीन ताब्यात घेतली की ते हलत नाही. इथे मंजुरीचं श्रेय कुणाचं यावर फलक लागले, स्टेशनच्या जागेवर एकही सभा झाली नाही.

---

घाटमाथा

सगळे रेल्वेचं लिहितायत. सुरगाण्याचं कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो. शिक्षक आहे, याच भागात वाढलो.

सुरगाणा आणि पेठ हे तालुके रेल्वेच्या नकाशावरच नाहीत. आम्हाला सगळ्यात जवळची रेल्वे गुजरातेत, वघईची. बिलीमोरा-वघई ही छोटी गाडी, ६३ किलोमीटर, गायकवाडांच्या काळात डांगच्या जंगलातलं सागवान काढायला १९१३ मध्ये आली. म्हणजे तीही लाकडासाठी आली, माणसं नंतर बसायला लागली. धाग्याचा मुद्दा तिथेही लागू पडतो.

आमची खरी गाडी म्हणजे मुक्कामी एसटी. संध्याकाळी डेपोतून निघते, शेवटच्या पाड्यावर रात्री पोचते, तिथेच राहते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परत निघते. ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या ओट्यावर किंवा समाजमंदिरात झोपायचे. कुणीतरी घरून भाकरी-पिठलं द्यायचं. रात्री बाळंतिणीला न्यायचं झालं तर गावात निदान एक मोठं वाहन उभं आहे, हा केवढा आधार. कंडक्टरमार्फत औषधं यायची, शाळेची प्रश्नपत्रिका यायची, नाशिकला शिकणाऱ्या पोराला डबा जायचा. २०२१-२२ चा एसटीचा संप मिटल्यावर आमच्या भागातल्या अशा काही फेऱ्या परत सुरू झाल्याच नाहीत. आता काळीपिवळी आणि पिकअप. द्राक्षाच्या हंगामात इथली माणसं दिंडोरी, पिंपळगाव, निफाडला मजुरीला जातात ती पिकअपच्या हौद्यात उभी राहून, सावळ घाट उतरतात-चढतात तेही तसेच. अपघात झाला की बातमी येते, दोन दिवस तपासणी होते, पुन्हा तेच.

पहाटेची एसटी नसेल तर अकरावीत गेलेली मुलगी महिनाभर कशीबशी जाते आणि मग घरी बसते. माझ्या वर्गातून गेलेल्या मुलींची नावं मी सांगू शकतो. इथे सांगणार नाही.

---

अश्विनी_वणी

घाटमाथा सर, वणीलाही हेच आहे. सप्तशृंगीच्या यात्रेला जादा गाड्या भरभरून सुटतात. एरवी आतल्या गावांना संध्याकाळी सहानंतर काही नाही.

---

सिन्नरवाला

समृद्धीबद्दल लिहितो, कारण इगतपुरी आणि सिन्नर या आपल्या दोन तालुक्यांतून तो जातो. मे २०२३ मध्ये शिर्डी-भरवीर ८० किलोमीटर खुला झाला, मार्च २०२४ मध्ये भरवीर-इगतपुरी, आणि जून २०२५ मध्ये इगतपुरी-आमणे शेवटचे ७६. एकूण ७०१ किलोमीटर. कसारा घाटाला पर्याय म्हणून जवळपास आठ किलोमीटरचे जोडबोगदे. मुंबईला जाणाऱ्याचा वेळ वाचतो, मी स्वतः वापरतो.

पण तो रस्ता गावाला लागत नाही. इंटरचेंजला चढायचं, इंटरचेंजला उतरायचं. दुचाकी नाही, तीनचाकी नाही, ट्रॅक्टर नाही. म्हणजे ज्या वाहनांवर गाव चालतं ती सगळी बाहेर. ज्याच्या शेताच्या मधून तो गेला त्याला पलीकडच्या तुकड्यावर जायला भुयारी रस्त्यापर्यंत वळसा. गोंदे इंटरचेंजच्या आसपास जमिनीचे भाव चढले, मधल्या गावांना धूळ मिळाली. जुन्या हायवेवर गाव लागलं की ट्रक थांबायचा, पंक्चर काढायचा, जेवायचा, दोनशे रुपये गावात सोडून जायचा. नव्या रस्त्यावर तो थांबला तर दंड होईल.

पुणे रेल्वेचं तर बोलूच नका. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण असा मार्ग ठरला, काही जमिनीचे व्यवहारही झाले. मग खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला रेल्वेच्या विजेचा त्रास होईल म्हणून गाडं अडलं, आणि आता शिर्डीवरून न्यायचं चाललंय. दुर्बीण महत्त्वाची आहे, वाद नाही. पण ती तिथे नव्वदीपासून आहे. आखणी करताना ती दिसली नव्हती का? ज्या शेतकऱ्याने रेल्वे येणार म्हणून विहीर पाडली नाही, बाग लावली नाही, त्याची ती वर्षं कोण भरून देणार?

---

व्यवहारी

सगळं खरं, पण काळ बदललाय. घरटी दुचाकी आहे, रस्ते पूर्वीपेक्षा चांगले आहेत. लहान स्टेशनांसाठी एवढा आटापिटा कशाला? त्याच पैशात गावरस्ते करा.

---

निफाडची_पासवाली

व्यवहारी दादा, घरटी दुचाकी आहे, ती घरातला एक माणूस घेऊन जातो. बाकीचे चार?

---

हिरवी_झेंडी

शिवाय पैशांचं म्हणाल तर लहान स्टेशनं बांधलेलीच आहेत. फलाट आहेत, सिग्नल आहेत, स्टेशन मास्तर गाड्या पुढे सोडायला चोवीस तास बसलेलाच आहे. नवीन खर्च फक्त गाडीचा. गावरस्ताही हवा, तो स्टेशनपर्यंत जाणारा असला तर दोन्ही कामं होतील.

---

गोदाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, अपेक्षेपेक्षा फार मोलाचं लिहिलंत. दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

झेंडीकाका, थांबा देताना किंवा काढताना रेल्वे नेमकं काय बघते? आणि मेमूच्या वेळा बदलायच्या तर अर्ज कुणाकडे?

---

हिरवी_झेंडी

मुख्यतः त्या स्टेशनवरून किती तिकिटं निघतात ते बघतात. नवा थांबा बहुतेकदा आधी प्रायोगिक म्हणून देतात, सहा महिने साधारण. विक्री दिसली तर चालू, नाही तर बंद.

इथेच गावं मार खातात. माणूस चढतो लासलगावला, पण घाईत तिकीट काढतो मोबाइलवर, कधी कधी मनमाडपासूनचं, कारण आरक्षण तिथून मिळतं. परतीचं तिकीट नाशिकरोडच्या खिडकीवर निघतं. म्हणजे कागदावर लासलगावहून कुणी चढलंच नाही. पास काढतानाही आपल्याच स्टेशनचं नाव टाका, खिडकी उघडी असेल तर खिडकीवर काढा. आरक्षण करताना चढण्याचं स्टेशन आपलंच निवडा.

अर्ज भुसावळच्या डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) कार्यालयाकडे. प्रत खासदारांना, कारण विषय रेल्वेपुढे ते लावून धरू शकतात. "आमच्या गावाला थांबा द्या" एवढंच लिहिलेले अर्ज गठ्ठ्याने पडलेले मी पाहिलेत. कोणत्या वेळी, किती जण, कुठून कुठे, कॉलेज किती, कामगार किती, असा तक्ता जोडलेला अर्ज फार क्वचित येतो, आणि तो फाइलवर चढतो.

---

मनमाड_जंक्शन

तक्ता आम्ही करू. नांदगाव, पानेवाडी, समिट या बाजूचं माझ्याकडे. कॉलेजच्या पोरांकडून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून घेतो.

---

कांदाचाळ

लासलगाव, उगाव माझ्याकडे. पार्सल डब्यांची मागणी वेगळ्या कागदावर करू, एकात मिसळली तर दोन्ही मागे पडतील. बाजार समितीतून रोजच्या आवकेचे आकडे मिळतात, ते जोडतो.

---

घाटमाथा

रेल्वेच्या अर्जात आमचं काही नाही, पण मुक्कामी एसटीचा तक्ता याच पद्धतीने करून नाशिकच्या विभाग नियंत्रकांकडे देता येईल. पेठ, सुरगाणा, कळवण भागातलं कुणी धाग्यावर असेल तर बंद झालेल्या फेऱ्यांची नावं आणि जुन्या वेळा इथेच टाका.

---

निफाडची_पासवाली

निफाड, सुकेणे, खेरवाडी मी घेते. तक्त्यात एक रकाना वाढवा: स्टेशनपासून घरापर्यंत कशाने जाता, आणि अंधार पडल्यावर काय करता. बायकांना वेगळं विचारा, घरातल्या पुरुषाने त्यांच्या वतीने भरू नये.

---

गोदाकाठ (धागाकर्ता)

रकाना घेतला. घोटी ते लहवित घाटवाट बघतील का? ओढा आणि देवळाली माझ्याकडे. मालेगावची स्टेशनच्या जागेची गोष्ट मोठी आहे, गिरणाकाठ, तिचा स्वतंत्र धागा काढा, दुवा इथे द्या. मोजणी मंगळवार ते सोमवार करू, म्हणजे लासलगावचे बाजाराचे दिवस आणि रविवार दोन्ही येतील.

---

घाटवाट

घेतो. अस्वलीला सकाळी दूधवाले चढतात, कॅन घेऊन. त्यांना माणसांत मोजायचं की मालात?

---

हिरवी_झेंडी

दोन्हीत. माणूस तिकिटाच्या तक्त्यात, कॅन पार्सलच्या.